अंगावरचं आणि वरचं: एका तक्त्याच्या कामाच्या नोंदी

६ जानेवारी

काम ठरलं. बाळाला अंगावरचं आणि पावडरचं, म्हणजे वरचं, अशी दोन्ही दुधं देणाऱ्या आयांसाठी पाठपोट छापलेला एकच कागद करायचा. पुढच्या बाजूला चोवीस तासांचा नोंद-तक्ता, मागे कामापुरती माहिती.

सध्या वॉर्डात देतो त्या तक्त्यात तीन रकाने आहेत: वेळ, किती मिनिटं पाजलं, बाटलीनं किती मिली. मूळ कागद फक्त अंगावर पिणाऱ्या बाळांसाठीचा. मिलीचा रकाना कुणीतरी पेनानं आखला आणि त्याच्याच झेरॉक्स निघत राहिल्या. रेघ अजून वाकडीच आहे.

हा तक्ता बाळाच्या पोटाचा हिशेब ठेवतो, आईच्या छातीचा ठेवत नाही. वजनाला आलेली आई कागद पुढे करते. मिलीचा रकाना भरगच्च, बाळ गुटगुटीत, आणि ती म्हणते, "सिस्टर, आता येतच नाही हो दूध." दोन-तीन आठवडे हळूहळू आटत गेलेलं असतं, पण कागदावर त्याची खूण नसते. खूण दिसली असती तर वेळेत काही करता आलं असतं.

टीममध्ये मी, बालरोगतज्ज्ञ मॅडम, एक चित्रकार आणि कच्चा तक्ता वापरून बघायला तयार असलेल्या काही आया. मॅडमची अट एकच: "वाचून कुणाला अपराधी वाटता कामा नये, आणि कुणी गाफीलही राहता कामा नये."

९ जानेवारी

मागच्या बाजूचा पहिला परिच्छेद. बाकी सगळं याच्यावर उभं राहणार, म्हणून आधी हाच लिहिला.

वार पडली की आईच्या रक्तातलं प्रोजेस्टेरॉन हे गरोदरपणातलं हार्मोन झपाट्यानं उतरतं आणि साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी छाती भरून येते. बाळ चोखो न चोखो, एवढं होतंच. सिझेरियन, मधुमेह, पहिलं बाळंतपण, जास्त रक्तस्राव यांत ते ७२ तासांच्या पुढेही लांबतं. एकदा दूध उतरलं की मात्र कारभार बराचसा छातीच्याच हाती येतो. दूध साचून राहिलं की त्या बाजूचं बनणं मंदावतं, निघालं की वेग धरतं. डावी आणि उजवी आपापल्या हिशेबानं चालतात. सारखं एकाच बाजूला पाजलं तर एक बाजू भरलेली आणि दुसरी सुकत चाललेली, असं होतं ते यामुळेच.

पश्चिम ऑस्ट्रेलिया विद्यापीठातल्या पीटर हार्टमन यांच्या गटानं हे वर्षानुवर्षं मोजलं. त्यांच्या २००६च्या अभ्यासात एक ते सहा महिन्यांची, फक्त अंगावर पिणारी बाळं होती. दिवसाचं दूध सरासरी ७८८ ग्रॅम, पण पल्ला ४७८ पासून १,३५६ पर्यंत. छातीत जेवढं उपलब्ध होतं त्याच्या सरासरी ६७ टक्केच बाळं पीत होती. म्हणजे "छाती पूर्ण रिकामी झाली पाहिजे" हा धोशा निदान कागदावर तरी नको.

त्याच आकड्यांतली आणखी एक गोष्ट दोन्ही दुधं देणाऱ्या आईला फार उपयोगाची आहे. एक ते सहा महिन्यांत अंगावरचं दूध रोज साधारण तेवढंच राहतं. पावडरच्या डब्यावरचा तक्ता महिन्यागणिक चढत जातो. चौथ्या महिन्यात आई तो तक्ता वाचते आणि आपलं दूध कमी पडू लागलं असं धरून चालते. हे मागच्या बाजूला हवंच.

परिच्छेदाचा शेवट असा केला: *पावडरचं दूध बाळाच्या पोटात गेल्यामुळे आईचं दूध कमी होत नाही. त्या वेळी छातीतून निघायला हवं होतं ते निघालं नाही, म्हणून कमी होतं.* मॅडम म्हणाल्या, ठळक छापा.

१४ जानेवारी

रकान्यांवर बसलो. आता असे आहेत: वेळ, छातीतून निघालं, वरचं किती, शू, शी. छातीचा रकाना सगळ्यात रुंद आणि डावीकडे. त्यात डावी-उजवीला खूण, आणि दूध कशानं निघालं ते एका अक्षरात: बाळानं 'बा', पंपानं 'पं', हातानं 'हा'. तळाशी मोठी चौकट: आजच्या खेपा. दूध छातीतून निघालं की एक खेप, मग ते बाळानं काढलेलं असो की पंपानं. सुरुवातीच्या आठवड्यांत चोवीस तासांत ८ ते १२ खेपा.

मिनिटांचा रकाना काढून टाकला. चाळीस मिनिटं छातीला असलेलं बाळ त्यातली तीस मिनिटं डुलक्या काढत असू शकतं, आणि दुसरं आठ मिनिटांत पोट भरून सुटतं. त्याऐवजी एक खूण: घोट दिसले का. घोट ओळखायचा कसा ते चित्रानं दाखवायचं. बाळ आधी भराभर, उथळ चोखतं. पान्हा फुटला की लय बदलते. तोंड उघडतं, हनुवटी खाली जाते, तिथंच क्षणभर थांबते आणि मग वर येते. त्या थांबण्यात घोट असतो. शांत खोलीत बारीक श्वास सोडल्यासारखा आवाजही येतो. एकदा दाखवलं की आईला ते कायमचं दिसायला लागतं. न दाखवता घड्याळ बघायला सांगितलं, तर ती घड्याळच बघत बसते.

मग एकच ६० मिली तीन ओळींत भरून बघितलं. पहिली ओळ: आधी दोन्ही बाजूंना पाजलं, नंतर ६० वरचं. खेप पडली. दुसरी: बाबांनी ६० दिलं, आईनं थोड्या वेळानं पंप केलं. खेप पडली. तिसरी: ६० दिलं, छातीला कुणी हात लावला नाही. खेप नाही. जुन्या तक्त्यात दुसरी आणि तिसरी ओळ सारखीच दिसली असती.

तिसरी ओळ अधूनमधून आली तर काही बिघडत नाही. रोज त्याच वेळेला आली तर छाती ती वेळ सोडून देते. हा फरक आयांना सांगायलाच हवा, नाहीतर एक बाटली दिली म्हणून रात्रभर रडणाऱ्या भेटतात. अशा खूप भेटतात.

१५ जानेवारी

चित्रकारानं 'वरचं' रकान्यात छोटासा डबा काढून पाठवला. छान होता, पण काढायला लावला. आईच्या दुधाच्या पर्यायांच्या विक्रीबद्दलची आंतरराष्ट्रीय संहिता १९८१ पासून आहे, आणि दवाखान्यातून जाणाऱ्या कागदावर डब्याची जाहिरात वाटेल असं काही नको. त्या जागी साधा पेला आला. 'वरचं' म्हणजे पावडरचं किंवा तयार फॉर्म्युलाच, एक वर्षाच्या आत गाई-म्हशीचं दूध नव्हे, एवढी ओळ खाली घातली.

२२ जानेवारी

भरलेले पहिले कागद परत आले. एका आईचा कागद बराच वेळ हातात धरून बसले. नोंदी नीटनेटक्या, खेपा सात. वाईट नाही. पण रात्री नऊची ओळ संपली की थेट पहाटे साडेचारची. मधे बाबांनी दोन बाटल्या दिलेल्या.

"हे म्हणतात, तू झोप, मी बघतो," ती म्हणाली. बिचाऱ्याचा हेतू चांगलाच.

"पहाटे छाती कशी असते?"

"पहिल्या आठवड्यात टणक व्हायची, कपडे भिजायचे. आता नाही होत तसं. सवय झाली असेल ना, ताई?"

होय आणि नाही. काही आठवड्यांनी छाती मऊ होणं नेहमीचंच आहे, दूध पुरेसं असलं तरी होतं. त्यामुळे निव्वळ तेवढ्यावरून काही ठरवता येत नाही. पण तिचं बाळ तीन आठवड्यांचं, रात्रीचं अंतर साडेसात तासांचं, आणि वरच्या दुधाचा आकडा आठवडाभरात वाढत गेलेला. तिन्ही एकत्र बघितली की दिशा कळते. शिवाय रात्री प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध बनवायला लावणारं हार्मोन, दिवसापेक्षा जास्त असतं, म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांत रात्रीची खेप सोडणं महागात पडतं.

तिला झोप नको असं कोण म्हणेल? तडजोड अशी केली: झोपण्याआधी दोन्ही बाजूंना पाजायचं किंवा पंप करायचं, मधली एकच बाटली बाबांची, आणि सुरुवातीचे आठवडे सलग अंतर चार-पाच तासांच्या पलीकडे न्यायचं नाही. आनंदानं तयार झाली.

तक्त्यात बदल: आईनं वेळ लिहायची नाही. चोवीस तास आधीच छापायचे, तासाला एक ओळ. म्हणजे न झालेल्या खेपांची कोरी जागा सलग दिसेल. नऊनंतरची ओळ साडेचारची असली की मधले तास कागदावरून गायब होतात. या एका बदलानं तक्ता उपयोगाचा झाला असं माझं मत.

संध्याकाळचीही एक ओळ मागे घातली. तिन्हीसांजेला बाळ पुन्हा पुन्हा छाती मागतं, दर अर्ध्या तासाला रडतं, आणि घरातले म्हणतात, पुरत नाही, द्या बाटली. अशी सलग खेपांची मागणी निरोगी बाळंही करतात. शू-शी आणि वजन ठीक असेल तर तो दूध अपुरं असल्याचा पुरावा नाही.

२९ जानेवारी

मॅडमशी वाद झाला. वरचं दूध किती द्यायचं याचा आकडा छापावा असं त्यांचं म्हणणं, आईला अंदाजावर सोडू नये म्हणून. माझं म्हणणं, जागा कोरी ठेवा आणि डॉक्टरांनी भरा.

मग कागदावर हिशेब मांडला. पूर्ण वरच्या दुधावरच्या बाळाला दिवसाला दर किलोमागे साधारण १५० मिली लागतं. ३ किलोच्या बाळाला ४५०. आठ वेळांत विभागलं तर एका वेळचं ५६. आता एखादी आई आठही वेळा पाजून वर ६० देत असेल, तर ती टॉप-अप, म्हणजे अंगावरच्या दुधाला थोडी जोड, देत नाही, बाळाचं पूर्ण जेवण बाटलीतून होतंय आणि अंगावरचं वर बोनस म्हणून. पुढच्या वेळी ते बाळ छातीला जोरानं चोखेल कशाला? हा हिशेब बघून मॅडम स्वतःच म्हणाल्या, छापील ६० नको.

अगदी पहिल्या दिवसांत तर आकडे आणखी लहान. अ‍ॅकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन या डॉक्टरांच्या संस्थेच्या मार्गदर्शनात पहिल्या २४ तासांत एका वेळचे २ ते १० मिली, दुसऱ्या दिवशी ५ ते १५, तिसऱ्या दिवशी १५ ते ३०, चौथ्या दिवशी ३० ते ६०. चीक थेंबाथेंबानं येतो, कारण लागतोच तेवढा. पहिल्याच दिवशी ६० मिलीची बाटली पिऊन बाळ शांत सहा तास झोपलं की सगळे खूश. छातीच्या मात्र दोन खेपा गेल्या.

मॅडमनी २०१३चा छोटा प्रयोग काढला. वजन जरा जास्त उतरलेल्या ४० बाळांतल्या काहींना प्रत्येक पाजण्यानंतर सिरिंजनं फक्त १० मिली फॉर्म्युला, आणि दूध उतरलं की बंद. तीन महिन्यांनी त्या गटात फक्त अंगावर पिणारी बाळं उलट जास्त निघाली. नंतरच्या मोठ्या चाचणीत तसा फायदा दिसला नाही, म्हणून त्यावर नियम बांधायचा नाही. पण त्या प्रयोगाची रचना मला आवडते. मात्रा थोडी, छातीनंतर, बाटलीशिवाय, आणि थांबण्याची वेळ आधीच ठरलेली.

शेवटी छापायचं ठरलं ते असं: *वरचं: ____ मिली, दिवसातून ____ वेळा. पुन्हा वजन: ____ तारखेला.* तिसरी जागा भरल्याशिवाय कागद आईच्या हातात द्यायचा नाही. टॉप-अप सुरू करणारे सगळे असतात, थांबवायचं कुणी ठरवलेलंच नसतं.

५ फेब्रुवारी

बाटलीनं पाजण्याची चित्रं. पहिल्या चित्रात बाळ आडवं आणि बाटली उभी, सगळीकडे दिसतं तसं. परत पाठवलं. बाळ बऱ्यापैकी उठून बसतं, मान आधारावर, बाटली जवळजवळ आडवी, निपलमध्ये दूध असेल एवढीच कललेली. ओठांना निपल लावून थांबायचं, बाळानं तोंड उघडून घ्यावं. थोड्या घोटांनी बाटली खाली करून उसंत द्यायची. मध्यावर बाजू बदलायची. निपल सगळ्यात मंद धारेचं. बाटली संपवण्याचा आग्रह नको.

यामागचा विचार असा की बाळाला दुधासाठी थोडी मेहनत आणि थोडं थांबणं दोन्हीकडे सारखं वाटावं. छातीला पान्हा फुटेपर्यंत मिनिटभर चोखावं लागतं. दुसरीकडे ओतल्यासारखं मिळालं तर बाळ छातीवर चिडचिड करू लागतं.

कप आणि चमच्याचं चित्र आहेच. छातीशी नळी लावून पाजायच्या साधनाचंही घातलं. वरचं दूध बारीक नळीतून स्तनाग्रापाशी येतं, त्यामुळे बाळ चोखतं छातीच आणि खेपही पडते. वापरायला किचकट, धुवायला कंटाळवाणं, पण ज्यांना जमतं त्या आया सोडत नाहीत.

९ फेब्रुवारी

पावडर बनवण्याची चौकट. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या २००७च्या मार्गदर्शनाप्रमाणे: पाणी उकळायचं, अर्ध्या तासाच्या आत म्हणजे ७० अंशांच्या खाली जाण्याआधी पावडर घालायची, मग अंगाच्या उबेइतकं निववून पाजायचं. पावडर निर्जंतुक नसते, क्रोनोबॅक्टर नावाचा जिवाणू तिच्यात असू शकतो, म्हणून गरम पाणी. बनवलेलं दोन तासांत संपवायचं, उष्टं ओतून टाकायचं.

आधी पाणी मोजायचं, मग पावडर. त्याच डब्यातला चमचा, सपाट केलेला. डबा पुरवण्यासाठी पाणी वाढवलं तर बाळाचं पोषण तर कमी होतंच, पण लहान बाळाच्या रक्तातलं सोडियम उतरून झटकेही येऊ शकतात. हे वाक्य मॅडमनी स्वतः लिहिलं आणि त्याखाली रेघ ओढली.

१३ फेब्रुवारी

पंपाची चौकट सगळ्यात लांबली, आणि कापायला मन होत नाही.

आयांच्या कागदांवर पुन्हा पुन्हा दिसतं: पंपानं २० मिली निघालं, पुढच्या ओळीत वरचं दूध वाढलं. पंपातून निघालं तेवढंच दूध आहे, असं त्यांनी धरलेलं. पंप हे मोजमाप नव्हे. चांगलं चोखणारं बाळ पंपापेक्षा जास्त काढतं. शिवाय नुकतंच पाजून झाल्यावर पंप केलं तर जे निघतं ते उरलेलं असतं. त्या २० मिलीला नावं ठेवायची नाहीत, त्यातून छातीला निरोप गेलेला असतो. किती प्यालं हे खरंच बघायचं असेल तर पाजण्याआधी आणि नंतर त्याच कपड्यांत, लंगोट न बदलता, अचूक काट्यावर वजन. वाढलेले ग्रॅम म्हणजे जवळपास तेवढे मिली. तेही एका खेपेवरून ठरवायचं नाही.

पंपाचं फनेल, म्हणजे छातीला लावायचा भाग, मापाचं नसेल तर सगळं फुकट. मधल्या नळीत स्तनाग्र मोकळेपणानं पुढेमागे सरकलं पाहिजे. घासत असेल किंवा भोवतालचा काळा भाग बराच आत ओढला जात असेल तर माप चुकलं. खेच वाढवल्यानं दूध वाढत नाही. सोसवेल तेवढीच ठेवायची. दुखलं की पान्हा आखडतो.

हाताचा उपयोग मात्र ठळक द्यायचा. अमेरिकेत स्टॅनफर्डला अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या आयांवर झालेल्या कामात, २००९ मध्ये, पंपाला हातानं दाबण्याची जोड दिल्यावर दूध वाढलेलं दिसलं. करायचं सोपं: आधी हलक्या हातानं चोळायचं, पंप चालू असताना भरलेला भाग हळूच दाबायचा, धार थांबली की पंप काढून शेवटचे थेंब हातानं काढायचे. रगडायचं नाही. स्तनदाहाबद्दलच्या २०२२च्या मार्गदर्शनात जोराचा मसाज आणि अति पंपिंग, दोन्ही टाळायला सांगितलंय. सूज असताना छाती पिळून काढण्यानं दुखणं वाढतं.

एका आईनं पॉवर पंपिंगचं विचारलं. तासभराचा क्रम असतो: २० मिनिटं पंप, १० आराम, १० पंप, १० आराम, १० पंप. संध्याकाळी लागोपाठ पिणाऱ्या बाळाची नक्कल. त्यामागे भक्कम पुरावा म्हणावा असं फारसं नाही. करायला हरकत नाही, दिवसातून एकदा, बाळ दुसऱ्या कुणाकडे असेल तेव्हा. पण ज्या आईच्या कागदावर पाचच खेपा आहेत तिनं आधी सहावी आणि सातवी आणावी, एका खेपेची आरास नंतर.

१९ फेब्रुवारी

'दूध कमी करणाऱ्या इतर गोष्टी' म्हणून छोटी चौकट. सर्दीच्या गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन: २००३च्या एका अभ्यासात ६० मिलिग्रॅमच्या एकाच मात्रेनं दिवसाचं दूध सरासरी २४ टक्क्यांनी उतरलं. आया फक्त आठच होत्या, पण ज्यांचं दूध आधीच काठावर आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये एवढं म्हणायला ते पुरेसं. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्याही त्यातच. दूध वाढवणारी औषधं डॉक्टरांशी बोलूनच. खेपा न वाढवता नुसत्या औषधावर भरवसा ठेवून उपयोग नाही.

गर्भनिरोधनावरून आणखी एक ओळ वाढली, आणि ती फार महत्त्वाची वाटते. पाजत असताना दिवस राहत नाहीत, हे तीन अटींवर खरं आहे: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी आलेली नाही, आणि बाळ पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण अंगावरच. तिन्ही असतील तर संरक्षण ९८ टक्क्यांच्या वर. रोज बाटल्या चालू असलेल्या आईची तिसरी अट मोडलेली असते. तिला हे कुणी सांगत नाही, कारण बाटलीबद्दल बोलणारे आणि गर्भनिरोधनाबद्दल बोलणारे वेगळे असतात.

२६ फेब्रुवारी

प्रश्न: दोन्ही दुधं एका बाटलीत चालतील का? चालतात, पण आधी काढलेलं अंगावरचं वेगळं पाजावं, मग वरचं. एकत्र केलं आणि बाळानं अर्धं सोडलं तर आईचं दूधही ओतावं लागतं. पाण्याच्या जागी आईचं दूध घेऊन त्यात पावडर कालवणं मात्र नाहीच.

काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस.

ड जीवनसत्त्वाचे थेंब: थोडं वरचं चालू आहे म्हणून बंद करायचे नाहीत. अमेरिकन बालरोग अकादमीचा सल्ला रोज ४०० युनिट, वरचं दूध दिवसाला जवळपास एक लिटर होईपर्यंत. दोन्ही दुधांवरचं बाळ तिथवर सहसा पोचत नाही.

५ मार्च

शेवटची मोठी चौकट: पुढे काय. आधी तिचं नाव 'वरचं दूध बंद कसं करावं' असं होतं. वाचायला दिलेल्यांपैकी एका आईची पूर्वी स्तनाची शस्त्रक्रिया झालेली. तिनं वाचून कागद घडी घालून ठेवला. म्हणाली, "ताई, यात मी कुठं बसते?"

बरोबर विचारलं तिनं. शस्त्रक्रियेत नलिका कापल्या गेल्या असतील, दूध बनवणारी ऊती मुळातच कमी असेल, थायरॉइडचा किंवा इतर हार्मोनांचा प्रश्न असेल, तर खेपा कितीही वाढवल्या तरी दूध एका पातळीच्या वर जात नाही. तिथं दोन्ही दुधं हाच मुक्काम. तिच्या कागदावर खेपांचा उपयोग दूध वाढवायला नाही, आहे ते टिकवायला. दिवसाला २०० मिली अंगावरचं असेल तर ते २०० राखायचं.

चौकट दोन भागांत लिहिली. कमी करायचं असेल तर: वजन जन्माच्या आकड्यावर आलेलं, बहुतेक बाळं दोन आठवड्यांत येतात, आणि नंतर दिवसाला २० ते ३० ग्रॅम वाढतंय. मग एका वेळच्या वरच्या दुधातून २०-३० मिली कमी, तीन-चार दिवस तिथंच थांबायचं, शू-शी बघायची, वजन करायचं, मग पुढची पायरी. बाळ ज्या वेळी छातीला उत्तम पितं, बहुधा सकाळी, तिथून सुरुवात. राखायचं असेल तर: कुठल्या खेपा कायम ठेवायच्या ते आईनं ठरवून त्या ओळींवर गोल करायचा. कामावर परतणारीलाही हाच भाग. बाटल्यांच्या वेळा ठरलेल्या असल्या तरी चालतं, राखलेल्या खेपा चुकल्या नाहीत म्हणजे झालं. आणि एखादी खेप सोडायचीच असेल तर एकेक, मधे काही दिवस जाऊ देऊन, म्हणजे गाठी आणि सूज टळते.

नवीन नाव: 'वरचं कमी करायचंय? अंगावरचं राखायचंय?' दोन प्रश्न, दोन बाण. त्या आईनं दुसऱ्या बाणावर बोट ठेवलं.

११ मार्च

धोक्याच्या खुणा, लाल चौकटीत, मॅडमच्या शब्दांत. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहापेक्षा कमी ओल्या लंगोट्या. तेव्हाही लंगोटीवर विटकरी डाग. बाळ उठवूनही न उठणारं, पिताना लगेच गळून जाणारं. तोंड कोरडं, टाळू खोल. तीन महिन्यांच्या आत ३८ अंश ताप. यातलं काहीही दिसलं तर तक्ता बाजूला ठेवून थेट दवाखाना. अशा वेळी वरचं दूध लगेच द्यावं लागलं तर द्यायचं, संकोच नको. आधी बाळ, छातीचं नंतर बघता येतं.

माझी मूळ ओळ "दूध कमी वाटत असल्यास" अशी होती, ती मॅडमनी खोडली. "वाटतं सगळ्यांनाच. दिसतं ते लिहा."

१८ मार्च

छपाईला गेला. शेवटच्या घडीला दोन बदल: खेपांची चौकट तळातून वर उजव्या कोपऱ्यात, कारण कागद फ्रिजवर लावला की तळ दुमडतो, आणि 'हा' व 'बा' घाईच्या अक्षरात सारखे दिसतात म्हणून अक्षरांऐवजी चिन्हं: गोल बाळ, चौकोन पंप, त्रिकोण हात.

वॉर्डातल्या मुलींना वापर शिकवायचा राहिलाय. त्यांनी मिलीऐवजी आधी खेपा विचाराव्यात एवढी एकच सवय लावायची आहे, आणि तीच अवघड जाणार, कारण मिली सांगायला सगळ्यांनाच सोपं.

जुळ्यांचा तक्ता पुढच्या छपाईत. वरचं, शू, शी यांचे रकाने दोन-दोन लागतील, छातीचा एकच. कागद आडवा घ्यावा लागेल का, चित्रकाराला विचारायचं.